अर्धे बेट खणून बांधलेले शहर

मोझांबिक बेटाच्या दक्षिण भागात रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की शेजारच्या घरांची छपरे थेट डोळ्यांच्या पातळीवर येतात. घरे ठेंगणी नाहीत, ती खड्ड्यात आहेत. दारापर्यंत पोचायला पायऱ्या उतराव्या लागतात. काही ठिकाणी हा खड्डा पुरुषभराहून खोल आहे. इथून थोडे उत्तरेला चालत गेले, की चित्र पार पालटते. चुन्याचा गिलावा केलेले दुमजली वाडे, सपाट गच्च्या, चर्च, जुनी जकात कचेरी आणि टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला. उत्तरेच्या भागाला ‘दगडी शहर’ म्हणतात आणि दक्षिणेच्या भागाला ‘मकुती’. मकुती म्हणजे शाकारणीसाठी विणलेल्या माडाच्या झावळ्या.

दोन वस्त्यांमधला हा चढउतार निसर्गाने घडवलेला नाही. दगडी शहर प्रवाळाच्या चुनखडीचे आहे आणि ती चुनखडी कित्येक पिढ्या बेटाच्या दक्षिण भागातून खणून नेली गेली. दगड निघून गेला, खाणी उरल्या आणि त्या खाणींच्या तळाशी हमाल, कोळी, नोकरचाकर आणि गुलामांची घरे उभी राहिली. वाड्यांची उंची आणि वस्तीची खोली या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. त्या एकत्र पाहिल्या तरच या बेटाचा इतिहास कळतो.

हे बेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या मोझांबिक देशाच्या नांपुला प्रांतात, मोसुरिलच्या उपसागराच्या तोंडाशी आहे. लांबी जेमतेम ३ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त ५०० मीटर. टोकापासून टोकापर्यंत पायी जायला तास पुरतो. एवढ्याशा जागेत १४ हजारांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांतली बहुतेक मकुतीत. स्थानिक लोक बेटाला ‘ओमुहिपिती’ म्हणतात. ‘मोझांबिक’ हे नाव मात्र १५ व्या शतकाच्या अखेरीस इथे सत्ता असलेल्या मूसा बिन बिक या शेखच्या नावावरून आले असे मानतात. पुढे तेच नाव महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या असलेल्या अख्ख्या देशाला मिळाले.

पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी बेट नांदते होते. सोमालियापासून सोफालापर्यंतच्या किनाऱ्यावर स्वाहिली मुसलमान व्यापाऱ्यांची बंदरे होती आणि हे त्यांपैकीच एक. इथे जहाजे बांधली जात, दुरुस्त होत. अरबस्तान आणि भारताकडून कापड, मणी, मसाले येत. आफ्रिकेतून सोने आणि हस्तिदंत जाई. मार्च १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे इथे लागली, तेव्हा बेटावरच्या लोकांनी पाहुण्यांना आधी मुसलमानच समजून आदरसत्कार केला. खरा प्रकार उघडकीला आल्यावर खटके उडाले आणि गामाने जाताना किनाऱ्यावर तोफा डागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तो कालिकतला पोचला.

पोर्तुगिजांना बेट हवे होते ते वाऱ्यासाठी. लिस्बनहून गोव्याला निघालेली जहाजे साधारणपणे मार्चमध्ये शिडे उभारत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जुलै-ऑगस्टमध्ये या पट्ट्यात येत आणि नैर्ऋत्य मोसमी वारा धरून सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी पोचत. हे गणित थोडे चुकले, की वारा निघून जाई आणि जहाजाला पुढच्या मोसमापर्यंत बेटावर अडकून पडावे लागे. चार-पाच महिने समुद्रात काढलेली, हिरड्या सुजलेली, तापाने फणफणलेली माणसे इथे उतरत आणि त्यांतली कितीतरी इथल्याच मातीत जात. बंदराइतकेच हे बेट एक इस्पितळ आणि दफनभूमीही होते.

सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याला जाताना असाच अडकला. १५४१ चा ऑगस्ट ते पुढच्या वर्षाचा आरंभ हा काळ त्याने बेटावर आजाऱ्यांची सेवा करण्यात घालवला आणि त्यानंतर तो गोव्यात आला. पोर्तुगिजांचा महाकवी लुईश द कामोइंश आशियातून परतताना १५६७ ते १५६९ या काळात इथे कर्जबाजारी होऊन पडून होता. गोव्याचा इतिहासकार दियोगु दु कौतु याला तो मित्रांच्या आधारावर जगताना आढळला. मित्रांनीच वर्गणी काढून त्याला मायदेशी नेले.

बेटाच्या उत्तर टोकावर सांव सेबास्तियांव हा किल्ला आहे. त्याचे काम १५५८ मध्ये सुरू झाले आणि सुमारे साठ वर्षे चालले. किल्ल्याच्या पलीकडे, पाण्याच्या अगदी काठावर, १५२२ मधले एक छोटे चर्च आहे. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आज उभ्या असलेल्या युरोपीय इमारतींमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. १६०७ आणि १६०८ या लागोपाठच्या वर्षांत डचांनी मोठे आरमार घेऊन बेटावर हल्ला केला. गाव जाळले, किल्ल्याला वेढा घातला, पण मूठभर शिबंदीने किल्ला सोडला नाही. डच पुढे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे वळले, त्यामागे इथले अपयशही होते.

किल्ल्यात पाहण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे काय, तर पाण्याचे टाके. बेटावर नदी नाही, ओढा नाही, जिवंत झरा नाही. त्यामुळे किल्ल्याचे प्रत्येक अंगण आणि प्रत्येक गच्ची उतार देऊन बांधली आहे. पावसाचा थेंब न् थेंब पन्हळीतून टाक्यात जावा अशी ती रचना आहे. दगडी शहरातल्या घरांचेही तेच. सपाट गच्चीवर चुन्याचा कोबा, त्याला उतार, भिंतीत पन्हळ आणि घराखाली टाके. किल्ल्यातल्या टाक्याचे पाणी अगदी अलीकडेपर्यंत बेटावरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन भरून नेत.

या बेटाचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चाले. लिस्बनचा राजा नावाला, हुकूम मांडवीकाठच्या विजरईचा. गोव्यातून कारकून, सैनिक, पाद्री आणि गवंडी इकडे येत. घरांची ठेवण, खिडक्यांची तावदाने, लाकडी छते यांवर गोव्याची आणि दीवची छाप आहे. उलट दिशेने आफ्रिकी गुलाम गोव्याला नेले जात. गोव्याच्या ताटातले चिकन काफ्रियाल मोझांबिकहून आले असे सांगतात. मोझांबिकच्या रस्तोरस्ती आज शामुसा मिळतो, तो आपला सामोसा. ब्राझीलचा काजू पोर्तुगिजांनी गोव्यात लावला तसाच इथेही लावला. नांपुला प्रांत आज काजूसाठी ओळखला जातो, कोकणासारखाच.

व्यापाराची खरी सूत्रे होती दीवच्या वाण्यांकडे. १६८६ मध्ये गोव्याच्या विजरईने दीवच्या व्यापाऱ्यांच्या मंडळीला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला. हा विजरई म्हणजे काउंट द आल्व्होर. मराठी वाचकाला तो चांगला ठाऊक आहे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या उंबरठ्यावर आल्या, तेव्हा झेवियरच्या शवपेटीशी आपला राजदंड ठेवून त्याची करुणा भाकणारा तो हाच. मराठ्यांच्या धडकेने गोव्याची तिजोरी खंगलेली असताना, तीनच वर्षांनी त्याने दीवच्या भांडवलाला आफ्रिकेचे दार अधिकृतपणे उघडून दिले.

दीवच्या वाण्यांचे चलन होते कापड. आफ्रिकेच्या अंतर्भागात नाणे चालत नसे, गुजराती मागावरचे कापड चाले. तिथल्या माणसांना कोणता रंग, कोणता पट्टा, केवढा पन्हा हवा ते व्यापारी काळजीपूर्वक कळवत आणि गुजरातेतले विणकर त्याप्रमाणे विणून देत. आवड बदलली, की आलेला माल पडून राही. कापड देऊन हस्तिदंत घ्यायचे, हस्तिदंत दीवला पाठवायचे आणि त्याचे चुडे गुजरात-राजस्थानातल्या नवऱ्या मुलींच्या हातात जायचे, असे हे चक्र होते. हा व्यापार एवढ्यावरच थांबला नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंतापेक्षा माणसे विकणे किफायतशीर ठरू लागले. गुलामांच्या व्यापाराला लागणारे कापड आणि पैसा पुरवण्यात भारतीय व्यापाऱ्यांचा हात होता.

अंतर्भागातून पकडून आणलेल्या माणसांना साखळीने जखडून किनाऱ्यावर आणत आणि जहाजाची वाट पाहत कोंडून ठेवत. आधी ती मॉरिशस आणि रेयुनियनच्या उसाच्या मळ्यांत गेली, नंतर ब्राझील आणि क्युबाला. ३ डिसेंबर १७९४ रोजी ‘सांव जुझे’ हे जहाज ४०० हून अधिक बंदिवान घेऊन मोझांबिक बेटावरून ब्राझीलला निघाले. त्याच महिन्यात केप टाउनजवळ खडकावर आदळून ते फुटले आणि २०० हून अधिक बंदिवान बुडाले. वाचलेल्यांना तिथेच पुन्हा विकण्यात आले. या जहाजाचे अवशेष ओळखल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ओळख पटवायला मदत झाली ती लोखंडाच्या चिपांची. माणसांचे वजन मालापेक्षा कमी भरते, म्हणून जहाज स्थिर ठेवायला तळाशी लोखंड भरावे लागे. त्या वर्षी मोसुरिलच्या मकुआ समाजाने आपल्या गावची माती पाठवली आणि केप टाउनच्या समुद्रात, जहाज बुडाले त्या जागी, ती वाहिली गेली.

पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या निर्यातीवर बंदी घातली, पण चोरटा धंदा पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. सुएझचा कालवा झाल्यावर आणि आगबोटी आल्यावर बेटाचे भौगोलिक महत्त्व ओसरले. १८९८ मध्ये राजधानी दक्षिणेला लोरेंसु मार्किश इथे, म्हणजे आजच्या मापुतूला गेली. उत्तरेला नाकाला हे खोल पाण्याचे बंदर वाढले आणि जहाजेही तिकडे वळली. दगडी शहरातले वाडे एकेक करून रिकामे पडू लागले.

भारतीय वस्ती मात्र २० व्या शतकातही टिकून होती. बेटावर मशिदी आहेत, चर्च आहेत आणि हिंदूंचे देऊळही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा, दमण, दीव मुक्त केले, त्याचा राग पोर्तुगीज राजवटीने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना स्थानबद्ध केले, मालमत्ता गोठवली आणि अनेकांना देशाबाहेर घालवले. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने एका फटक्यात बंद झाली. गोवामुक्तीच्या आनंदकथेतला हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले आणि दोनच वर्षांत यादवी पेटली. १९९२ पर्यंत चाललेल्या त्या युद्धात मुख्य भूमीवरची हजारो माणसे जीव मुठीत धरून बेटावर आली. १९६० च्या दशकात बांधलेला एकेरी पूल हाच त्यांचा रस्ता होता. ही माणसे वाड्यांत नाही, मकुतीत सामावली. आधीच दाट असलेल्या वस्तीत अंगणांतून घरे उभी राहिली.

या दाट, खोलगट वस्तीतच बेटाची संस्कृती जिवंत आहे. इथल्या घराची रचना कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. खांब खारफुटीच्या लाकडाचे, भिंती कुडाच्या, कुडात दगडगोटे आणि माती चेपलेली, वरून चुन्याचा हात आणि छपराला झावळ्या. मधून एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे परसू. भाषा मकुआ, तिच्यात स्वाहिली आणि अरबी शब्दांची भर. धर्म इस्लाम, पण वंश आणि घराणे आईकडून चालते. १९ व्या शतकाच्या अखेरीस आणि २० व्या शतकाच्या आरंभी इथे सूफी पंथ रुजले, त्यांच्या सामुदायिक जपाचे सूर आजही ऐकू येतात.

‘तूफो’ हा नाच मूळ त्या परंपरेतला, प्रेषिताच्या स्तुतीचा. आता तो बायकांचा झाला आहे. चार सपाट चर्मवाद्यांच्या ठेक्यावर एकाच रंगाच्या कापुलाना, म्हणजे अंगाला गुंडाळायची छापील कापडे, नेसलेल्या बायका ओळीत बसतात किंवा उभ्या राहतात. नाच मुख्यतः खांदे, मान आणि हातांचा. गाण्यांत धर्म येतो, तसे राजकारण, शेजारणीचा टोमणा आणि मुलाबाळांच्या आरोग्याचा संदेशही येतो. प्रत्येक मोहल्ल्याचा आपला संघ असतो आणि नव्या कापुलानेवर संघाची इभ्रत ठरते.

नाचणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर अनेकदा पांढरा लेप दिसतो. तो ‘मुसिरो’. एका झाडाच्या फांदीचा तुकडा पाण्याचे चार थेंब टाकून खडबडीत दगडावर गोल गोल फिरवतात, अगदी सहाणेवर चंदन उगाळावे तसा. दाट, दुधाळ लगदा तयार झाला, की तो बोटांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत फासायचा. सुकला की चेहरा शुभ्र मुखवट्यासारखा होतो. त्वचा मऊ राहते, उन्हापासून जपली जाते असा इथल्या बायकांचा अनुभव आहे. पूर्वी लेप पाहून ती बाई लग्नाची आहे का, नवरा समुद्रावर गेला आहे का, हे ओळखत. आता शाळकरी मुलीपासून आजीपर्यंत कोणीही लावते आणि बाजारात जाताना तो पुसून टाकण्याची गरज कोणाला वाटत नाही.

पुरुष बहुतेक मासेमारीवर. तिरक्या शिडाचे पडाव पहाटे निघतात, दुपारी परततात. समुद्रकाठी उगवणारी सिरी-सिरी नावाची मांसल पानांची भाजी नारळाच्या दुधात शिजवून केलेली ‘मतापा’ ही बेटाची ओळख. ओहोटीच्या वेळी मुले वाळूत वाकून रंगीत काचमणी वेचताना दिसतात. फुटलेल्या जहाजांतून शतकांपूर्वी सांडलेले हे मणी लाटांबरोबर अजून किनाऱ्याला लागतात. त्यांच्या माळा ओवून मुले पर्यटकांना विकतात. एकेकाळी या मण्यांवर व्यापार चाले, आज त्यांवर वहीपेन्सिलीचा खर्च निघतो. समुद्रतळाची किमती संपत्ती मात्र मुलांच्या हाती लागली नाही. १६ व्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजातली चिनी मातीची भांडी एका खाजगी कंपनीने वर काढली आणि त्यांतली काही युरोपात लिलावात गेली.

१९९१ मध्ये युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कारण दिले ते वास्तुशैलीतल्या सातत्याचे: १६ व्या शतकापासून तेच साहित्य, तेच तंत्र. कागदावर मकुती या वारशाचा भाग आहे, पण प्रत्यक्षात पैसा दगडी शहरात जातो. वाड्यांची हॉटेले झाली, राजवाड्याचे संग्रहालय झाले. मकुतीत मात्र झावळ्यांचे छप्पर दर काही वर्षांनी बदलायचे, त्यासाठी झावळ्या मुख्य भूमीवरून आणायच्या, हे परवडत नाही. म्हणून लोक पत्रे घालतात. पत्र्याखाली घर भट्टीसारखे तापते, वारसा जपणाऱ्यांच्या नियमांनाही ते चालत नाही, पण झावळ्यांचा खर्च भरून देणारेही कोणी नाही. पावसाळ्यात खाणीचा तळ तळ्यासारखा भरतो. सांडपाण्याची सोय अपुरी, त्यामुळे पटकीची भीती कायम.

अलीकडची वर्षे तर फार कठीण गेली. मार्च २०२२ मध्ये ‘गोंबे’ आणि मार्च २०२५ मध्ये ‘ज्यूड’ ही चक्रीवादळे याच किनाऱ्यावर धडकली. छपरे उडाली, जुन्या भिंती कोसळल्या. ७ एप्रिल २०२४ रोजी मुख्य भूमीवरच्या लुंगा गावातून पटकीच्या अफवेने घाबरलेली माणसे एका मासेमारी बोटीत दाटीवाटीने बसून बेटाकडे निघाली. बोट किनाऱ्यानजीक उलटली आणि ९० हून अधिक जण बुडाले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

जतनाचे काम करायचे तर ते मकुतीपासून सुरू व्हायला हवे. पाण्याचा निचरा, झावळ्यांसाठी अनुदान, कुडाच्या भिंती बांधणाऱ्या कारागिरांना रोजगार, या गोष्टी कुठल्याही वाड्याच्या रंगरंगोटीहून आधी येतात. दगडी शहर ज्यांच्या पायाखालच्या जमिनीतून उभे राहिले, त्यांच्या घरांत पाणी साचू न देणे हीच त्या वारशाची पहिली डागडुजी आहे.

आपल्याकडूनही एक काम होण्याजोगे आहे. दगडी शहराचा इतिहास लिहिला गेला, पण मकुतीतल्या माणसांचे पूर्वज कागदोपत्री आले ते गलबताच्या यादीतला आकडा म्हणून. त्या कागदांचा मोठा साठा पणजीच्या पुराभिलेखागारात आहे, कारण अडीचशे वर्षे बेटाचा पत्रव्यवहार गोव्याशीच होता. याच दप्तरातून डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास बाहेर काढला. गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या तरुण अभ्यासकांनी पोर्तुगीज शिकावी, हे दप्तर आफ्रिकेच्या अंगाने पुन्हा उघडावे आणि मोझांबिकच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन वाचावे.